कानाच्या मशीनची तक्रार

माझ्या मायच्या कानाची मशीन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडली आणि पुढचा महिनाभर मी एका कंपनीशी भांडत होते. भांडायला मी भीत नाही. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, हे आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही माहीत आहे. पण या भांडणाबद्दल मी कुणाशी फारसं बोलत नाही.

खामगावात आम्ही दोघीच राहतो. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे, खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. माय पंच्याहत्तरीच्या पुढची. दोन्ही कानांनी तिला जवळपास काहीच ऐकू येत नाही. उजव्या कानामागे लावायची ही मशीन अकोल्याच्या एका दुकानातून आणली, त्या दिवशी तिनं पहिल्यांदा ऐकली ती आमच्या कुकरची शिटी. दचकलीच. "हा रोजच इतका बोंबलते काय वं?" म्हणाली. मग आठवडाभर घरातली एकेक वस्तू वाजवून पाहत होती. मला म्हणाली, "तू बी लय जोरात बोलते बरं." आता ऐकू येत नसलेल्या बाईशी बोलून बोलून माझा आवाज तसा झाला, हे तिला कोण सांगणार.

या मशीनचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे दुपारी चारचा फोन. तो पिंपळगाव राजाहून यायचा. मायची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, तिथे मुलगा-सुनेजवळ राहायची. माय तिला बाई म्हणायची. दोघी बहिणी रोज अर्धा तास बोलायच्या. कोणाकडे काय शिजलं, कोणाची सून कशी निघाली, लहानपणी विहिरीवर कोणी कोणाची घागर फोडली. सुट्टीच्या दिवशी मी खोलीत आले की मायचा आवाज एकदम बारीक व्हायचा. म्हणजे माझंच काहीतरी चाललं असणार.

उन्हाळ्यापासून मावशी खाटेला लागली. हृदय थकलं आहे, घरीच ठेवा, हवं ते खाऊ घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला, मावशीला सगळ्यांच्या आधी कळला. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला, पण चारचा फोन एक दिवसही चुकला नाही. आणि नेमकी तेव्हाच मशीन मुकी झाली. माय फोन कानाला लावून "हॅलो बाई, हॅलो बाई" करत राहिली आणि शेवटी फोन माझ्याकडे देऊन म्हणाली, "बाईले सांग, उद्या बोलू."

मशीन वॉरंटीत होती, दुकानात जाऊन पैसे कशाला मोजायचे म्हणून मी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की हिंदी बोलणारी पोरगी येते. गोड आवाज, घाई नाही. म्हणाली, बॅटरी काढून परत टाका. टाकली. मऊ कपड्यानं पुसा. पुसली. मशीन एकदा बंद करून चालू करा. मी म्हटलं, बाई, ती बंदच आहे, म्हणून तर तुम्हाला फोन केला. "आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है," ती म्हणाली. "तुमच्या खेदाचं मी काय लोणचं घालू?" मी म्हटलं, आणि ते माझ्या मोडक्या हिंदीत पुन्हा सांगितलं, म्हणजे तिला नीट पोचावं.

तीन दिवसांनी मोबाईलवर मेसेज आला. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा फोन, पुन्हा तीन दाबा, पुन्हा वेगळी पोरगी, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. बॅटरी काढून परत टाका. माणूस पाठवा म्हटलं तर तुमच्या पिनकोडला ती सोय नाही. मग मीच मशीन कापसात गुंडाळून कुरिअरनं त्यांच्या पुण्याच्या केंद्रावर पाठवली.

रविवारी मी मायला स्कूटीवर बसवून पिंपळगावला न्यायची. वाटेला लागलं की दोन्हीकडे कापसाची वेचणी चाललेली. मावशीच्या घरीही समोरच्या खोलीत कापूस भरलेला, तिची खाट मागच्या खोलीत. माय खाटेवर तिच्या उशाशी बसायची. मावशी ओठ हलवायची, माय कान तिच्या तोंडापर्यंत न्यायची आणि मान हलवायची. "नाई ऐकू येत बाई." मग मावशीची सून मधे उभी राहून मावशीचं बोलणं मायच्या कानात ओरडून सांगायची. सून चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण सासूच्या मनातलं सुनेच्या तोंडून किती येणार? मावशी दोन वाक्यं बोलायची आणि सुनेकडे बघून थांबायची. माय तिचा हात हातात घेऊन बसायची. परत येताना माय एकदाच म्हणाली, "बाईले कायतरी सांगायचं हाय मले. तिच्या डोयात दिसते."

मी रोज फोन करत होते. कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत आणि घरी आल्यावर. घरी आल्यावर जास्त, कारण तिथे ओरडायला मोकळीक. पुण्याचं केंद्र म्हणायचं, मशीन तपासणीत आहे. कधी म्हणायचं, साहेब रजेवर आहेत. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोक आमच्या खिडकीसमोर येऊन म्हणतात. त्यांना मीही म्हणतेच, साहेब नाहीत, उद्या या. पण आमच्या खिडकीत निदान माणसाचं तोंड तरी दिसतं. इथे तेही नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

अशाच एका संध्याकाळी मी फोनवर होते, पलीकडे तीच ती गाण्याची धून वाजत होती, आणि माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "एक सांगू काय तुले?" म्हणाली. मी हातानंच तिला गप्प केलं. धून थांबून कुणीतरी बोलेल आणि माझं लक्ष नसेल, अशी भीती. माय आत गेली.

अठराव्या दिवशी उत्तर आलं. मशीनच्या आत बाह्य पदार्थ आढळला आहे, ग्राहकाचा निष्काळजीपणा असल्यामुळे वॉरंटी लागू नाही. पैसे भरून साफसफाई करायला मान्यता द्या. मान्यता द्यायची असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. माझी माय ती मशीन रोज रात्री डबीत ठेवते, आंघोळीला जाताना काढते, जिवापेक्षा जास्त जपते, आणि हे आम्हाला निष्काळजी म्हणणार? पैशांचा प्रश्न नव्हता, तितके माझ्याजवळ होते. पण एक दाबलं म्हणजे आमची चूक मान्य केली. मी दोन दाबलं. त्या पोरीला फोन करून ग्राहक न्यायालयाची धमकीही दिली. कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून मायला दाखवलं, ते म्हणतात चूक आपली आहे. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं. "जाऊ दे ना वं. देऊन टाक त्याईले पैसे," म्हणाली. मी लिहिलं, एक पैसा देणार नाही.

मशीन तशीच मुकी परत यायला आणखी दहा-बारा दिवस गेले. ती आली त्याच दिवशी मावशीच्या सुनेचा फोन आला. सासूबाई आता दोन-दोन शब्दच बोलतात, तुमच्या मायला आणता आलं तर आणा.

तेव्हा कुठे माझं तत्त्व मी गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मायला आणि मशीनला घेऊन अकोल्याचं ते दुकान गाठलं. तिथला मशीन दुरुस्त करणारा माणूस शांत, वयस्कर. त्यानं भिंग लावून मशीन उघडली, बारीक ब्रशनं आतून काहीतरी झटकलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवून आमच्यासमोर सरकवलं. लाल-पिवळी पूड होती. ओली होऊन वाळलेली.

"दसऱ्याले पूजा केली वाटते," तो हसून म्हणाला. "दरसाली येतात अशा दोन-चार. आवाज जिथून आत जाते ना, तिथंच कुंकू बसते. बसा, दहा मिनटांचं काम हाय."

दसऱ्याच्या सकाळी मी अंगणात स्कूटी धूत होते. माय आत पाटावर पूजा मांडत होती. विळी, विळा, शिलाई मशीन, माझा पेन. ज्याच्यावर आपलं चालते त्याले वरसातून एक डाव हात जोडावे, हे ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. स्कूटीलाही तिनंच हळदीकुंकू लावलं. कानातली मशीन काढून तिनं पाटावर ठेवली असेल, तिच्यावर पाणी शिंपडलं असेल, ओल्या बोटानं हळदीकुंकू लावलं असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. मी मायकडे पाहिलं. माय फरशीकडे पाहत होती.

दहा मिनिटं खरंच लागली. मायच्या कानात मशीन बसवून त्या माणसानं विचारलं, "आजी, ऐकू येते काय?" माय म्हणाली, "हाव." आम्ही तिथूनच पिंपळगावला निघालो. बस, मग ऑटो.

मावशीचं बोलणं आदल्या संध्याकाळीच थांबलं होतं. डोळे मिटलेले, श्वास चालू. माय उशाशी बसली. "बाई, मशीन आली वं. आता बोल," म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग दोन दिवस ती तिथून उठली नाही. कोणी खोलीत बोलायला लागलं की हातानं गप्प करायची. घशात थोडी घरघर झाली तरी वाकून मावशीच्या तोंडाशी कान न्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी गेली. बोलली नाही. काय सांगायचं होतं ते सुनेलाही माहीत नाही. मी विचारलं तिला.

तेराव्याला जाऊन घरी परत आल्यावर मी मायला विचारलं. आवाज चढू न देता विचारायचं असं ठरवून विचारलं. "तुले माहीत होतं ना? मंग सांगतलं काऊन नाही?"

"घरात साऱ्याईची पूजा झाली, तिचीच कशी ठेवू," माय म्हणाली. "बंद पडली तवाच समजलं मले. सांगनारच होती. पण तू त्या फोनवरच्या पोरीले बोलून राह्यली होती."

"मी त्यांना बोलत होते. तुले नाही."

"मले ऐकू नव्हतं येत माय. तोंड दिसत होतं तुहं. म्हटलं, कंपनीची चूक म्हून इतकं बोलते, माही निघाली तं काय करन."

मला खूप काही बोलायचं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर दहा मिनिटं लागली असती, हे ओठांवर आलं होतं. मग रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून उगीचच स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले.

मशीन आता चांगली चालते आहे. दुपारी चारला कुणाचा फोन येत नाही. परवा गॅसचा नंबर लागेना म्हणून मी एजन्सीला फोन लावला, आवाज साधाच होता माझा, अजून रागावले नव्हते. पलीकडून कुणी बोलायच्या आधीच मायनं कानातली मशीन काढली, डबीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.