कॉफी सोडली होती मी

हवाईसुंदरी व्हायचं होतं मला. मुलुंडच्या दोन खोल्यांतून थेट आकाशात! अर्ज केला, बोलावणंही आलं. पण वजन दोन किलो जास्त आणि हातात फक्त पंधरा दिवस. खालच्या मजल्यावरची मैत्रीण म्हणाली, "रडतेस काय वेड्यासारखी? दादाने आखातातून बारीक व्हायच्या गोळ्या पाठवल्यात. घे ना यार!"

बाटलीवरचं इंग्रजी आम्ही दोघींनी डोक्याला डोकं लावून वाचलं. गोळीत कॅफीन आहे, तेव्हा सोबत वेगळं कॅफीन घेऊ नये. कॅफीन म्हणजे कॉफी, यावर दोघींचं लगेच एकमत झालं. आमच्याकडे कॉफी व्हायची ती जायफळ घालून, कुणी तापाने पडलं तर, नाहीतर एखादा बडा पाहुणा आला तर. मी मोठ्या निग्रहाने कॉफी सोडली.

चहा? चहाचा काय संबंध! मी जेवण अर्ध्यावर आणलं म्हणून आईचा जीव तुटायचा. "उपाशी राहू नको गो बाय, घोटभर चाय तरी घे," म्हणत ती तासातासाला कप पुढे करायची. तिचा चहा म्हणजे उकळून उकळून काळा केलेला. साखर तेवढी मी बंद करायला लावली, तेवढीच अक्कल.

अगं, काय सांगू ते पंधरा दिवस! भूक नाही, झोप नाही, नुसता आनंदीआनंद. मी घरातले सगळे डबे घासले, पंख्याची पाती पुसली, शेजारणीचे तांदूळ तिने न सांगता निवडून दिले. तोंडाची टकळी अशी की दूधवाला मला बघून पळायचा. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे. विमान हवंय कशाला, मीच उडतेय, असं वाटायचं मला.

मुलाखत सांताक्रूझला होती. वजन बरोबर भरलं आणि मी काट्यावर उभ्या उभ्याच टाळी वाजवली. मग हातात ट्रे दिला, त्यात पाण्याने भरलेले दोन कप. खोलीभर चालून दाखवायचं. चार पावलांत कप थडाथडा वाजायला लागले आणि सगळं पाणी मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्या मांडीवर! मला हसूच आवरेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं, घड्याळ बघितलं. "काय घेतेस गं तू?"

मी गोळ्यांचं खरं काय ते सांगितलं आणि वर ऐटीत म्हणाले, "पण कॉफी अजिबात नाही हं!"

"आणि चहा?"

"दहा-बारा कप."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, चहातही तेच असतं!"

लागली वाट. नाव कापलं माझं.

येताना बसमध्ये भोकाड पसरून रडले, लोक बघतायत तर बघू देत. पण आईला काय सांगायचं? स्वतःच्या हाताने पाजलेल्या चहाने पोरीची नोकरी घालवली, हे कळलं असतं तर जन्मभर तिने मनाला लावून घेतलं असतं. ती दारातच उभी होती. मी ठरवलेली थाप मारली, "वजन झालं गं, पण उंची एक इंच कमी पडली."

आई उंचीने जेमतेम माझ्या कानापर्यंत यायची. तिने माझ्याकडे वर बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"माझ्यावर गेलीस गो बाय."