डोमाकाका आणि सागवानातली कडी

कोणत्याही आरा मशीनवर गेले की डोमाकाका आधी वाकायचे. मालकाशी बोलणं मागाहून. मशीनखालचा भुसा मूठभर उचलायचा, दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मगच मान वर करायची. पसंत पडला तर चिमूटभर भुसा सदऱ्याच्या खिशात जायचा. काकू बिचाऱ्या धुताना खिसे उलटे करून करून थकल्या होत्या.

काका आमच्या आंबागडचे वाढई. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. गावातल्या निम्म्या चौकटी, बैलबंड्या, बाजा त्यांच्या हातच्या. एक डोळा मिटून फळीची धार पाहायची इतकी सवय, की माणूस समोर बोलत असला तरी ते तसंच पाहायचे. बोलणारा आपोआप ताठ उभा राहायचा.

माझं त्यांच्याशी खरं काम पडलं ते दाराच्या निमित्तानं. बाबांनी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एक सागवान जोपासलं होतं. "घर बांधशीन तं दार याचंच करजो," असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. बाबा गेले, मी भंडाऱ्याला नोकरीत अडकलो आणि गावात दोन खोल्या बांधायला घेईपर्यंत आई पंच्याहत्तरीला टेकली. तिनं एकच हट्ट धरला. त्या झाडाच्या दारातून आत नेशील तर येईन, नाहीतर माझी जुनी खोलीच बरी. झाड एकच, त्यातून निघणार एकच दार. चिराईत बिघडलं असतं तर आईपुढे उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

तोडीचा परवाना मिळाला तसा मी काकांना घेऊन हमरस्त्यावरच्या मोठ्या मिलवर गेलो. चकाचक शेड, तीन मशिनी, लाकडांचे डोंगर. मी तर खूश! काकांनी भुसा चोळला आणि तोंड वाकडं केलं.

"पिठासारखा हाये. जळका वास येऊन राहिला. याचा पट्टा बोथट हाये, सुधाकर. कापत नाही, घासते."

वर मिलच्या मालकानं लाकूड ठेवून आठवड्यानं यायला सांगितलं. काका तडक बाहेर आले. "लाकूड देऊन घरी जायचं नाही. पोरगी पाहाले जाऊन दुसरीच घेऊन येशीन." आणि स्वतःच खो खो हसले.

शेवटी सिहोऱ्याच्या वाटेवर शेवंताबाईंची लहानशी मशीन सापडली. टिनाचं छप्पर, एकच आरा. नवऱ्याच्या मागे ती एकट्या बाईनं चालवलेली. काकांनी भुसा चोळला. रव्यासारखा दाणेदार. मग सालपटांच्या ढिगाकडे गेले आणि एक पातळ सालपट उचलून मला दाखवलं. "पाह्य, किती पातर काढली हाये. लोकाचं लाकूड चुलीत घालणारी बाई नाही." भुसा खिशात गेला, म्हणजे मशीन ठरली.

"बाबा, लाकडात खिळागिळा तं नाही ना?" शेवंताबाईंनी काकांना विचारलं.

"माह्यावर सोड," काका म्हणाले.

तसं त्यांना माहीत होतं. बाबांचा ढवळ्या बैल बांधायला त्या झाडात लोखंडी कडी काकांनीच ठोकली होती, कमरेच्या उंचीवर. झाडानं ती कधीच गिळून टाकली होती. पण काकांचा हिशोब सरळ होता. तीस वर्षांत झाड केवढं वाढलं, कडीही संगं वर गेली असणार. म्हणून बुंध्याकडचं सात फूट लाकूड त्यांनी दारासाठी घेतलं आणि वरचा तुकडा, कडीसकट, घरीच ठेवला. मलाही ते पटलं. शिकलेला माणूस मी, पण मलाही पटलं!

तिसऱ्या फळीला मशीन किंचाळली. ठिणग्या उडाल्या, पट्ट्याचे दात गेले. शेवंताबाईंनी धावत जाऊन बटन बंद केलं. काका लाकडाजवळ गेले, बुंध्यापासून हातानं माप घेतलं. बरोबर कमरेएवढं.

"कडी तं जागीच रायली," ते हळूच म्हणाले. मग शेवंताबाईंकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चूक माही हाये, बाई. झाड वर जाते, कडी नाही जात. जिनगी लाकडात काढली अन् आज समजलं."

"भुशाचा वास घेता बाबा, लोखंडाचा नाही येत का?" त्या रागानंच म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांनाच हसू फुटलं.

काका दोन दिवस तिथंच बसले. कानस घेऊन पट्ट्याचा एकेक दात त्यांनी घासून दिला. मग पटाशीनं कडी कोरून काढली. फळीला भोक पडलं होतं, भोवती लोखंडाचा काळा डाग. मी म्हटलं, ही फळी बाजारातून दुसरी आणू.

"काहून? लाकूड तुह्या बापाचं, कडी तुह्या बापाची. भोक कायले लपवतं?"

दार बसलं तेव्हा कळलं. बुंध्याची बाजू खाली होती, त्यामुळे भोक नेमकं हात जातो तिथं आलं होतं. काकांनी तीच कडी त्याच भोकात बसवली. आऱ्याच्या दातानं तिला एक खाच पडली होती, ती तशीच ठेवली. आईनं कडी धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. "इथं तं ढवळ्याचं दावं राहे," एवढंच म्हणाली, आणि दार लोटून आत गेली. काका एक डोळा मिटून चौकटीची धार पाहत राहिले. दुसरा डोळा ओला होता, हे मी पाहिलं.

त्यानंतर काका आमच्याकडे आले की दार वाजवायचे नाहीत. खाचेत बोट घालायचे आणि बाहेरूनच ओरडायचे, "माही चूक हाये ना जागेवर?" आणि आतून आई म्हणायची, "हाये हाये, या भाऊजी, चहा घ्या."

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मला त्यांची फार आठवण येते. सुटीला गावी गेलो की दार उघडताना बोट आपसूक त्या खाचेत जातं, आणि कोणी ऐकत नसलं तर मी म्हणतो, "हाये, काका. जागेवरच हाये."