दोन नंबरच्या दाराचा हमाल

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.

अड्याळकडच्या एका राईस मिलच्या गोदामात मी टॅग वाचणारी यंत्रं बसवली. चार दारं, अगदी लागून लागून. धानाच्या प्रत्येक कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, रेडिओ लहरींनी आपला नंबर सांगणारा टॅग शिवलेला. हमाल कट्टा पाठीवर घेऊन दारातून गेला की यंत्रानं त्याचा नंबर टिपायचा. मालकांवर छाप पडावी म्हणून मी चारही यंत्रं पूर्ण ताकदीवर, एकदमच चालू ठेवली.

दोन नंबरच्या दारातून गेलेले कट्टे पडद्यावर उतरवलेल्यांपेक्षा कमी दिसू लागले. तिथला हमाल सगळ्यांत जुना, पन्नाशी उलटलेला.

"कट्टे कुठं जाऊन राहिले?" मालकांनी विचारलं.

"मी तं आतच नेतो, मालक. माह्या पोटात मावते का एवढं धान?"

बाकीचे हमाल हसले. आत छतापर्यंत थप्प्या. त्या उतरवून कोण बघणार? मालक माझ्याकडे वळले. "मशीन बरोबर आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

मालकांनी त्याला चोर ठरवून दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

आठवड्याभरानं, जेवणाच्या सुट्टीत, मी फक्त दोन नंबरचं यंत्र चालवून पाहिलं. एकही कट्टा सुटला नाही. शेजारची यंत्रं ओरडत असली की टॅगचा बारीक आवाज त्यात बुडत होता. मी ताकद कमी केली, अँटेना एकमेकांपासून दुसरीकडे वळवले, यंत्रांना पाळीपाळीनं वाचायला लावलं. मालकांना म्हणालो, "थोडी सेटिंग केली." बस, एवढंच.

दोन हंगामांनी तो हमाल बाजारात वांगी विकताना दिसला.

"या साहेब! मशीन चालते ना बरी?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. तिथंच उकिडवा बसून मी सगळं सांगितलं. त्यानं तराजू खाली ठेवला.

"मले काहून सांगता? चोर तं मले तिथं म्हटलं. तिथंच सांगा."

सोमवारी त्याला गाडीवर मागं बसवून नेलं. मालक आणि सगळ्या हमालांसमोर चूक माझी होती हे सांगून मी यंत्रं पुन्हा पहिल्यासारखी, पूर्ण ताकदीवर एकदम चालू केली. इतर दारांतून कट्टे जात होते. तो कट्टा घेऊन दोन नंबरच्या दारातून गेला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा गेला. नाहीच.

मालकांनी मान खाली घातली.

त्यानं कट्टा सगळ्यांच्या मधोमध टेकवला, वर हात ठेवला.

"हा पाहा. इथंच आहे."