कानबाईंची गाण्याची खोली

कापडाच्या गिरणीत त्यांना सगळे कानबाई म्हणत. दोनशे माग एकदम खडखडत असले, तरी त्या मधल्या वाटेने चालता चालता थबकायच्या आणि म्हणायच्या, "पाचव्या रांगेतला तिसरा आजारी आहे." मिस्त्री जाऊन बघायचा, तर खरोखरच पट्टा सैल झालेला असायचा. एकतीस वर्षं कानात कापसाचे बोळे घालून त्यांनी हे काम केलं. बाकीच्या बायका बोळ्यांना हसायच्या. निवृत्त होईपर्यंत त्यातल्या निम्म्या बहिऱ्या झाल्या. कानबाईंचे कान मात्र शाबूत राहिले.

त्या कानांना आता गाणं हवं होतं, दुसरं काही नाही. मुलगी सासरी गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. तिथे त्यांनी दोन उंच स्पीकर, तबकडीचं यंत्र आणि एक आरामखुर्ची मांडली. पहिली तबकडी लावली आणि त्यांचा चेहराच पडला. गाणारीचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता आणि साथीच्या चेलोचा, त्या मोठ्या व्हायोलिनचा, जाड सूर कोपऱ्यात नुसता घुमत होता.

"वहिनी, यात काय एवढं? मी बघतो," धाकटे दीर म्हणाले. भाऊजींना फोनवर दोन व्हिडिओ बघितले की कुठल्याही विषयात गती यायची. आठवड्याभरात त्यांनी अंड्यांच्या ट्रेसारखा खाचाखाचांचा काळा फोम आणून चारी भिंतींना चिकटवला. छताचा काही भागसुद्धा सोडला नाही.

खोली मुकी झाली. गाणारीचा आवाज कुणी तोंडावर उशी दाबल्यासारखा येऊ लागला. घुमणं मात्र होतं तिथेच होतं.

"आता कसं एकदम स्टुडिओसारखं!" भाऊजी खूश होते.

"भाऊजी, वरचं सगळं गेलं आणि खालचं सगळं राहिलं," कानबाई म्हणाल्या. "ताक गाळायला घेतलं आणि लोणीच फेकून दिलं, तसं झालंय हे."

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस मनाचा साफ. फोम खरवडायला तेच पहिले शिडीवर चढले.

दुसऱ्या दिवशी कानबाई नवऱ्याला घेऊन स्पीकर आणि त्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेल्या. भिंतीवर आवाज शोषणारे नाना तऱ्हेचे पॅनेल टांगले होते. दुकानदाराने त्यांना सरळ नक्षीदार लाकडी पॅनेलांपुढे उभं केलं. "काकू, हे घ्या. पाहुणे बघतच राहतील."

"पाहुण्यांनी बघायचं नाहीये, मला ऐकायचंय."

"ते जरा तांत्रिक असतं, काकू. तुम्ही रंग निवडा, बाकीचं आमच्यावर सोडा."

कानबाईंनी एकेक पॅनेल खाली काढायला लावला. बोटाने दाबून पाहिला, हातावर तोलला. मग कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारली. दुकानदार नवऱ्याकडे बघायला लागला. नवऱ्याने खांदे उडवले.

"या कापडातून वारा जात नाही," त्या म्हणाल्या. "वारा अडला तर आवाजही बाहेरच अडणार. आतली लोकर काय शोभेला आहे? आणि हा दुसरा बोटभर जाड. जाड सुराला एवढं पातळ अंथरूण कसं पुरेल?"

शेवटी मागच्या रांगेतला एक राखाडी, ओबडधोबड पॅनेल त्यांना पटला. चार इंच जाड, आत दगडापासून काढलेल्या लोकरीचा घट्ट थर, वर सैल विणीचं कापड.

"हा कुणी घेत नाही हो, दिसायला अगदीच—"

"असे आठ द्या. आणि कोपऱ्यांसाठी याच्या दुप्पट जाडीचे चार."

घरी आल्यावर जागा ठरवायचं काम सुरू झालं. कानबाई खुर्चीत बसल्या आणि नवरा हातात आरसा घेऊन भिंतीकडेने सरकू लागला. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, त्याच जागेवरून आवाज उसळून कानावर येतो, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं.

"दिसला का?"

"अहो, तुमचंच पोट दिसतंय. बाजूला व्हा!"

भाऊजी खडूने खुणा करत होते. पॅनेल भिंतीला चिकटवायचे नाहीत, मागे चार बोटं मोकळी ठेवायची, असं कानबाईंनी बजावलं होतं. पाठची भिंत मात्र त्यांनी उघडीच ठेवली आणि तिथे पुस्तकांचं कपाट ओढून आणलं. "सगळाच आवाज गिळला तर खोली पुन्हा मेल्यासारखी होईल," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी शेवटचा पॅनेल टांगला गेला. कानबाईंनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली. त्यांनी तबकडी लावली, खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले.

चेलो आला तो स्वच्छ, एकेका सुराला कड असलेला. मग गाणारी आली, दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, जणू समोर उभी. आणि पहिल्या ओळीआधी तिने श्वास घेतला. तीच तबकडी त्यांनी शंभरदा ऐकली असेल, पण हा श्वास कधी ऐकला नव्हता. कानबाई ताठ बसल्या. "अहो, ऐकलंत? श्वास घेतला तिने!" त्यांनी नवऱ्याचा हात असा दाबला की तो कळवळला.

एक पॅनेल शिल्लक राहिला होता, तो न्यायला संध्याकाळी दुकानदार आला. भाऊजींनी त्याला आग्रहाने खुर्चीत बसवलं. पूर्ण गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "बाई, माझ्या दुकानातली ऐकायची खोली एकदा बघाल? गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठून जातं. का, ते मला आजवर कळलं नव्हतं."

'काकू'ची 'बाई' झालेली कानबाईंच्या कानांनी बरोबर टिपली.

"बघते की," त्या म्हणाल्या. "पण मी सांगेन ते काढायचं आणि सांगेन तिथेच लावायचं. चालेल?"

"चालेल."

"मग उद्या सकाळी येते."

भाऊजी दारापर्यंत त्याला सोडायला गेले. "अहो, आमच्या वहिनींना दोनशे मागांतला एक आजारी माग ऐकू यायचा," जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "तुमची खोली म्हणजे काय!"

कानबाईंनी हसत तबकडी उलटली.