सूरावळी

टीव्हीवर वादळाची बातमी देताना कुणी ‘सूरावळी’ म्हटलं की आजही माझं डोकं सणकतं. लग्न होऊन सांगलीहून चेन्नईत, तांबरमला आले तेव्हा मला तमिळ अजिबात येत नव्हतं, आणि सासरची तंजावरी मराठीही निम्मीच कळायची. काम करताना मोठ्यानं गायची मात्र सवय होती. एका सकाळी मी गात गात पायऱ्या धूत होते, फिल्टर कॉफीचा वास दारापर्यंत आला होता, आणि सासूबाई माझ्याकडे हनुवटी करून शेजारच्या मामींना म्हणाल्या, “सूरावळी!” दोघी हसल्या. मला वाटलं, नामावळी तशी सुरावळी, म्हणजे माझ्या गळ्याचं कौतुक चाललंय. मी चक्क लाजले. त्यानंतर रोज त्यांच्या कानाशी गात राहिले, आणि पहिली वाफाळती कॉफीही त्यांनाच देत गेले. मग नोव्हेंबरातल्या एका ओल्या संध्याकाळी टीव्हीवर तोच शब्द आला आणि पडद्यावर छपरांचे पत्रे गरगरत उडाले. “अहो, सूरावळी म्हणजे?” मी विचारलं. “वावटळ,” नवरा म्हणाला, “मोठी, घरं मोडणारी.” मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. “मग, लटिकं सांगितलं का मी?” म्हणत त्यांनी कॉफीचा रिकामा टंबलर माझ्यापुढे सरकवला. मी तो उचलला नाही. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या खोलीत झाडू मारताना मी वरच्या पट्टीत गाते.