उशीखालच्या चपला

अनया, कबीर, आज इस्त्रीच्या चादरी घरी आल्या. त्यांचा गरम, खळीचा वास आला आणि बिमला आठवली. तुम्ही नुकतेच नव्या घरात राहायला गेलात, म्हणून तिच्याबद्दल लिहिते.

दिल्लीच्या एका रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, आम्ही फूटपाथवर झोपणाऱ्या बायकांना गेस्ट हाउसचं काम शिकवायचो. परीक्षेला एका गेस्ट हाउसच्या खोलीत बिमलाने पलंग इतका सुरेख लावला की चादरीवर एक सुरकुती नव्हती. तिथल्या मॅनेजरबाईंनी खूश होऊन उशी उचलली. खाली पाहुण्याच्या चपला होत्या, कागदात नीट गुंडाळलेल्या.

"ये क्या है?"

"मैडम, बाहर रखेंगे तो सुबह मिलेंगी क्या?"

आम्ही सगळ्या हसलो. बिमलाचा चेहरा पडला. नोकरी हातची गेली, असंच तिला वाटलं. मॅनेजरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दार ओढलं, आतून कडी घातली.

"अब कौन ले जाएगा?"

बिमला त्या कडीकडे बघत राहिली. मग तिने चपला उचलून पलंगाखाली ठेवल्या.

"सोमवार से आ जाना," बाई म्हणाल्या.

आता रात्री कडी लावताना मला ते हसू आठवतं.

बिमला त्याच गेस्ट हाउसमधून रिटायर झाली. तो वर्ग अजून भरतो, आणि पहिल्या दिवशी तिथे दाराला आतून कडी लावायला शिकवतात.