कूलर लावला आणि टेस्टर पेटला

सावद्याजवळच्या एका गावातलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. पोलिसातून निवृत्त झाल्यावर लोक मला दरोड्यांचे किस्से विचारतात. मी मात्र हाच सांगतो, आणि छाती फुगवून सांगतो.

मे महिना होता. केळीच्या एका व्यापाऱ्याचा तरुण मुलगा नव्या होम थिएटरला स्पीकरची वायर जोडत होता. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला आणि तो फेकला गेला. जळगावच्या दवाखान्यात त्याची दोन बोटं काढावी लागली. तो जबाब देण्याच्या स्थितीत नव्हता. त्याच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणे. होम थिएटरसाठी प्लग आणि अर्थिंग बसवून गेलेल्या वायरमनने निष्काळजीपणे जोडणी केली, अशी फिर्याद त्यांनी दिली. वायरमन त्याच संध्याकाळी गायब झाला. पळाला म्हणजे गुन्हेगार, असं गावाने ठरवलं. खोटं कशाला बोलू, मीही तेच ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला की तो सोनगीरला बहिणीकडे आहे. त्याला ठाण्यात आणलं. आधी चहा दिला, कारण कोरड्या घशाने माणूस खरंही नीट बोलू शकत नाही.

"का पळालास?"

"साहेब, लोके मारतीन म्हनीसन पळनू. काम मन्हं पक्कं शे. तीन पिनना प्लग, अर्थिंगनी वायर, बठ्ठं मी सोता जोडेल शे."

दोन तास उलटसुलट विचारलं, पण सगळं मीच नीट जोडलं, हा शब्द त्याने बदलला नाही. वरून अटकेसाठी फोन येत होते. आधी जागा पाहतो, असं मी ठणकावून सांगितलं.

विद्युत निरीक्षक, दोन पंच आणि वायरमनला घेऊन गेलो. जोडणी खरोखरच चोख निघाली. निरीक्षकांनी पत्र्याला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मग शॉक बसला कसा? वायरमन रडकुंडीला आला.

पंच घामाघूम झाले होते. आबांच्या पत्नी म्हणाल्या, "थांबा, कूलर लावते," आणि शेजारच्या खोलीतलं बटण दाबलं. पत्र्याला टेकलेला टेस्टर लखकन पेटला.

"अक्का, बंद करा! आता लावा," मी म्हणालो.

कूलर बंद केला की टेस्टर विझे, लावला की पेटे.

कूलरची वायर धरत धरत गेलो. त्या खोलीतला न्यूट्रल तुटला होता, म्हणून कूलर अर्थिंगवर घेतलेला, म्हणजे न्यूट्रलच्या जागी अर्थिंगची वायर जोडलेली. आपल्याकडे न्यूट्रल गेला की सर्रास हेच करतात, वर जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडभोवती बादलीभर पाणी ओततात. यंदा जमीन पार वाळली होती. कूलरचा करंट मातीत शिरेना. तो अर्थिंगच्या वायरने उलटा ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात उतरला.

"हे कोणी जोडलं?"

"मीच, साहेब," आबा म्हणाले. "सारेच घेतात अर्थिंगवर..."

पंचनामा झाला. वायरमन सुटला, याचा मला फार अभिमान वाटला, आजही वाटतो. पळणारा माणूस पुष्कळदा गुन्ह्याला नव्हे, लोकांना घाबरून पळतो, हे मी तिथे शिकलो.

निघताना आबांनी मला थांबवलं. "साहेब, फिर्यादीतलं याचं नाव खोडा. माझं लिहा."

"फिर्याद खोडता येत नाही, आबा. पुरवणी जबाब घेता येतो."

"मग घ्या. इथंच, गावासमोर."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. साऱ्या नोकरीत हजारो जबाब घेतले. दुसऱ्याचं नाव काढून तिथे स्वतःचं लिहायला लावणारा माणूस मला तेवढा एकच भेटला.